एका दुखण्याची चार पानं

याद्या करायची सवय मला गिरणीतल्या पाळणाघराने लावली. तीस-पस्तीस तान्ही मुलं, चार आया, आणि पाजायच्या वेळेला खात्यातून धावत येणाऱ्या बायका. कुणाचं पाजून झालं, कुणाला जुलाब लागलेत, कुणाचं दुपटं कुणाच्या अंगावर गेलं, हे सगळं डोक्यात ठेवायला गेलं असतं तर पाळी सुटेपर्यंत डोकं जागेवर राहिलं नसतं. म्हणून मी वही सुरू केली. पाळणाघरात जे चालतं ते घरातही चालेल असं मला वाटलं, आणि बहुतेक बाबतीत ते चाललंही. एका बाबतीत मात्र त्या वहीपायी आमच्या धाकटीचा अर्धा जबडा जायची वेळ आली होती.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. ती माहेरची अक्कलकोटकडची. आमच्याशी मराठी, सासूबाईंशी कानडी आणि गल्लीतल्या विणकर बायकांशी मोडकंतोडकं तेलुगू बोलायची. तिन्ही भाषांत तिला थट्टा यायची. रस्त्यावरच्या नळाला ती घागर घेऊन उभी राहिली की रांगेतली भांडणं मिटायची, कारण भांडणाऱ्या दोघींची नक्कल ती तिथल्या तिथे करून दाखवायची. मला ती अक्का म्हणायची आणि माझ्या वहीला 'तुमचं पुराण'.

बहात्तरचा दुष्काळ मागे पडून तीन-चार वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. घरच्या वहीत मी प्रत्येक माणसाला दुखण्याखुपण्यासाठी एक पान दिलं होतं. आमचे हे मंद्रूपला शाळेत मास्तर, आठवड्याने घरी येत. त्यांचं पान जवळपास कोरं. दीर गिरणीच्या रंगखात्यात. त्यांच्या पानावर फक्त खोकला. सासूबाईंना आम्ही सगळे अव्वा म्हणायचो. त्यांचे गुडघे अर्ध्या पानात मावले. धाकटीची मात्र तीन वर्षांत चार पानं झाली. वर मी शीर्षकं घातली होती: मुतखडा, हाडं, पोट, दात.

चार पानं, कारण डॉक्टर वेगळे. मुतखड्याचे वैद्य वेगळे, हाडाचे डॉक्टर वेगळे, गल्लीच्या तोंडावरचे पोटाचं औषध देणारे वेगळे. प्रत्येकापुढे त्याचंच पान उघडायचं, म्हणजे त्यांचा वेळ जात नाही, असा माझा नियम होता. "तुमच्यासारखे पेशंट असते तर आमचं काम निम्मं झालं असतं," असं एक डॉक्टर मला म्हणालेही होते. ते ऐकून मी दोन दिवस खुशीत होते.

मुतखड्याचं कुणालाच नवल वाटलं नव्हतं. सोलापुरात मुतखडा म्हणजे पाहुणा. ऊन असं, पाणी असं जड, त्यात नळ दिवसाआड. गल्लीत चार घरं सोडून पाचव्या घरात कुणाला ना कुणाला खडा असायचाच. धाकटीला तो तीनदा झाला. कुळथाचं पाणी पिऊन, गडाबडा लोळून तो दोनदा पडला, तिसऱ्यांदा आत राहिला. मी तारखा लिहिल्या.

हाडांच्या पानाची सुरुवात मनगटापासून झाली. नळावरून घरी येताना उंबऱ्याला पाय अडखळून ती पडली, आणि तेवढ्यावर मनगट मोडलं. तिशीही न गाठलेली बाई. मग पाठ दुखायला लागली, मांड्या ठणकायला लागल्या. अव्वा म्हणाल्या, "हाडात दम न्हाय हिच्या. चुना द्यावा." गव्हाच्या दाण्याएवढा खायचा चुना दह्यात कालवून रोज सकाळी द्यायचा, हा त्यांचा उपाय. त्या विसरायच्या. मी विसरत नसे. पानाच्या कडेला मी तारखांची उभी ओळ आखली आणि दररोज एक खूण केली. चारेक महिने एकही खूण चुकली नाही. शिवाय मी माझ्या मनाने रात्रीच्या दुधाचीही भर घातली.

पोटाच्या पानावर होतं: पोट साफ नाही, जेवण जात नाही, सकाळी मळमळ. आणि तहान. तहानेवरून घरात बोलणी व्हायची. दिवसाआड येणारं पाणी आम्ही मोजून वापरायचो आणि ही तांब्यावर तांब्या रिता करायची.

"घागरच लाव की तोंडाला," अव्वा म्हणायच्या.

"लावली असती, अव्वा. पर तोंड लहान पडतंय," ती म्हणायची.

दिवाळीनंतर ते तोंडच सुजलं. उजवीकडे खाली, दाढांच्या मागच्या बाजूला. दातांचं पान उघडलं ते तेव्हा. दातवाल्यांनी एक दाढ काढली. सूज हलली नाही. महिन्याने दुसरी काढली. सूज आणखी फुगली. दुखत फार नव्हतं, पण गाल एका बाजूने वर आला आणि जिभेने चाचपलं तर आत गुळगुळीत उंचवटा लागायचा. अव्वांनी निकाल देऊन टाकला, "मिश्री! मिश्रीनं झालंय." त्या स्वतः पन्नास वर्षं मिश्री लावत होत्या. धाकटीने ती कधीतरी गंमत म्हणून लावली असेल. तरीही अव्वांनी त्या दिवशी आपली मिश्रीची डबी फळीवर उंच ठेवून दिली आणि सांगितलं, "ही बरी होईस्तवर मीबी न्हाय लावत." त्या वयात ते सोपं नव्हतं. दोन दिवस त्या आमच्या सगळ्यांवर खेकसत होत्या.

कडक भाकरी खायची तिची बंद झाली. आमच्याकडे बाजरीची किंवा ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी म्हणजे रोजचं खाणं. ती दुधात भिजवून खायला लागली. बोलणंही कमी झालं. नळावर नकला थांबल्या, तेव्हा मी घाबरले. ते मात्र मी कुठल्याच पानावर लिहिलं नाही.

मोठ्या सरकारी हॉस्पिटलात तिला भरती केलं. तिथे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट आल्यावर मोठ्या सर्जननी दिरांना आणि मला खोलीत बोलावलं. ते उंच, कमी बोलणारे, केस पांढरे झालेले गृहस्थ होते. म्हणाले, "कॅन्सर नाही, ही चांगली गोष्ट. पण गाठ हाड पोखरतेय. नुसती खरवडली तर पुन्हा येईल. खालचा अर्धा जबडा काढावा लागेल."

दिरांनी विचारलं, "बोलता यील का तिला?"

"समजेल इतपत येईल."

समजेल इतपत. मी तिच्याकडे जाऊन काय सांगायचं हे जिना उतरता उतरता ठरवत होते. पण ती आधीच ओळखून बसली होती. खाटेवर मांडी घालून, गालाला पदर लावून. "अक्का, पुढल्या आठवड्यात कापणार न्हवं? तुमच्या यादीत लिवा. साड्या दोन, तांब्या एक, जबडा अर्धा."

मी तिला रागावले. ती हसली, पण डोळे पुसत. मग म्हणाली, "त्यापेक्षा मरण बरं अक्का. मी गप बसले तर ती मीच हाय हे लोकांना कळायचं कसं?"

ऑपरेशनच्या चार दिवस आधी एक तरुण डॉक्टर तिची सगळी हकीकत लिहून घ्यायला आला. माळशिरसकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, नुकता शिकून पुढचं शिकत असलेला. मी नियमाप्रमाणे दातांचं पान उघडून त्याच्यापुढे ठेवलं. तारखा, दाढा, कुठली गोळी किती दिवस. त्याने वाचलं, मान डोलावली. "व्यवस्थित आहे." मी पान मिटणार, तेवढ्यात धाकटी उठली, कोपऱ्यातल्या माठातून सलग तीन पेले पाणी प्याली आणि बाहेर निघून गेली. आम्ही बोलत होतो तेवढ्यात ती तिसऱ्यांदा बाहेर जात होती.

"यांना लघवीला सारखं जावं लागतं?" त्याने विचारलं.

"हो. पण ते जबड्याचं नाही," मी म्हणाले. "ते दुसऱ्या पानावर आहे."

"दुसऱ्या पानावर?"

"मुतखड्याचं पान वेगळं आहे. तहान पोटाच्या पानावर."

 मग त्याने स्टूल पुढे ओढलं. "बाई, सगळी पानं दाखवा."

मी दाखवली. त्याने वही मांडीवर घेतली आणि पानं उलटसुलट करायला लागला. मुतखड्याच्या तारखा वाचायचा, हाडांचं पान काढायचा, पुन्हा मागे जायचा. शेवटी आपल्या कागदावर त्याने एकच रेघ ओढली आणि चारही पानांवरच्या तारखा त्या एका रेघेवर लिहायला सुरुवात केली. खडा, मनगट, मळमळ, खडा, पाठ, सूज. तीन वर्षं मी जे चार कप्प्यांत नीट लावून ठेवलं होतं ते त्याने दहा मिनिटांत एका ओळीत आणलं. मला ते बघवेना. इतकं उघड दिसत होतं.

हाडांच्या पानावर माझा अंगठा होता. मी तो मुद्दाम ठेवला होता, हे कबूल करते. कडेची खुणांची ओळ त्याखाली होती. नीट कळत नव्हतं, पण पानं उलटताना त्याने 'दूध किती पितात?' असं विचारलं होतं, तेव्हापासून मनात काहीतरी खटकत होतं.

"अंगठा काढा," तो म्हणाला.

मी काढला.

"चुना? रोज?"

"चार महिने. एकही दिवस चुकला नाही," मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य म्हणताना मला अभिमान वाटला नाही.

तो रागावला नाही. म्हणाला, "आखणीचा उपयोग झाला. चुना सुरू झाल्यानंतर मळमळ वाढलेली दिसतेय, बघा. एरवी हे मला कोण सांगणार होतं?" मग त्याने मला समजावलं. गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते, तिच्या पाठीमागे मुगाच्या दाण्याएवढ्या आणखी चार असतात, पॅराथायरॉइड. रक्तात कॅल्शियम किती ठेवायचं हे त्या बघतात. त्यातली एखादी फुगून बेताल झाली तर ती हाडांतलं कॅल्शियम उपसून रक्तात आणत राहते. हाडं पोकळ होतात, मोडतात, जबड्यात अशी गाठ येते. आणि रक्तातलं जास्तीचं कॅल्शियम किडनीवाटे जाताना तिथे खडे होतात, किडनी थकते, तहान लागते. "असं असलं तर जबडा हे मूळ नाही. मूळ गळ्यात आहे. पण हा माझा अंदाज आहे. रक्त तपासू. आणि हातांचा एक्स-रे."

अव्वा डबा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दुखणं तोंडात, आन् फोटू हाताचा? साकु, साकु! पुरं झालं बाई."

"अव्वा, हात देखणे हायेत माझे, म्हणून काढतेत," धाकटी म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिची जीभ अशी चालली.

एक्स-रे मी स्वतः बघितला. तरुण डॉक्टरने तो खिडकीच्या उजेडात धरला होता. बोटांच्या हाडांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं निघालं. मोठ्या सर्जननी पुन्हा तपासायला लावलं. पुन्हा वाढलेलं. तेव्हा ते स्वतः खाटेपाशी आले, माझी वही मागून घेतली, उभ्याउभ्या चारही पानं वाचली आणि तरुण डॉक्टरच्या खांद्यावर हात ठेवला. "जबडा कुठे पळून जात नाही. आधी गळा बघू." आमच्याकडे वळून त्यांनी हेही सांगितलं, की ती ग्रंथी बाहेरून दिसत नाही, हाताला लागत नाही; आत जाऊन चारही शोधाव्या लागतील, आणि सापडेलच असा शब्द ते देत नाहीत. नाही सापडली तर जबड्याचा विचार पुन्हा करावा लागेल.

त्या रविवारी आमचे हे आले. मी त्यांना म्हणाले, "मी चुना दिला तिला." ते म्हणाले, "अव्वानं सांगितला, तू दिलास, तिनं खाल्ला, आम्ही बघितला. आता एकटीच्या नावावर कशाला लिहितेस?" मास्तरांचं बोलणं कधीकधी उपयोगी पडतं.

मग मी माझ्या कामाला लागले. ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची यादी केली. तिच्यात पहिल्या नंबरला होतं: लिंग. आम्ही लिंगायत, गळ्यातलं लिंग अंगावरून उतरवायचं नसतं. आणि ऑपरेशन तर बरोबर गळ्याचंच. अव्वा हटून बसल्या होत्या. आयत्या वेळी दारात वाद नको, म्हणून मी थिएटरच्या सिस्टरना सकाळीच गाठलं. त्या केरळच्या, गळ्यात बारीक क्रॉस. त्यांनी ऐकून घेतलं. "गळ्यात नको. दंडावर चालेल? पण दोरा तुमचा नाही, पट्टी माझी. वाफेतून काढलेली." अव्वांनी विचारलं, "वाफेची म्हंजी सोवळ्याचीच की?" सिस्टरना तो शब्द कळला नाही, पण त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी लिंगाची चांदीची डबी पांढऱ्या पट्टीत धाकटीच्या डाव्या दंडाला बांधली गेली. तसं अंगावरून उतरलं नाही, आणि गळाही मोकळा झाला.

सकाळी तिला आत नेलं. बाहेरच्या बाकावर दीर, अव्वा आणि मी. मी वही उघडली, पण लिहायला काहीच नव्हतं. पाळणाघरात मी रजा टाकली होती. तरी तिथल्या पाजायच्या वेळा डोक्यात वाजत होत्या. पहिली वेळ झाली. दुसरी झाली. तेव्हा तरुण डॉक्टर बाहेर आला. टोपीखाली घाम, हातात काचेची लहान बाटली.

"तीन बघितल्या, तिन्ही चांगल्या. चौथी सापडत नव्हती. अगदी खाली, छातीच्या हाडापाशी होती." त्याने बाटली उचलून धरली. पाण्यात भिजवलेल्या शेंगदाण्याएवढी, तांबूस, काहीच भीती वाटू नये अशी वस्तू.

 अव्वांनी चष्मा वर करून बाटली बघितली. "एवढीशीच? हिनं येवढं केलं? आन् मी उगंच मिश्री सोडली!" मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडायला लागल्या.

पुढची गोष्ट मला अजून चमत्कारिक वाटते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकटीच्या ओठांभोवती मुंग्या यायला लागल्या, बोटं वाकडी व्हायला लागली. मी धावत गेले. सर्जन येऊन म्हणाले, "हे व्हायचंच होतं. इतकी वर्षं लुटलेली हाडं आता रक्तातलं कॅल्शियम भराभर ओढून घेताहेत. आता द्या." इंजेक्शनं झाली, गोळ्या आल्या, दूध आलं. "आता कॅल्शियम जितकं सांगतोय तितकं वेळेवर गेलं पाहिजे. चुकायचं नाही." जाता जाता त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमच्याकडे तारखांची ओळ आखायची पद्धत आहे ना?"

मी नव्या पानावर ओळ आखली.  चुना मात्र नाही. गोळ्या, त्यांनी सांगितलेल्या तेवढ्याच.

किडनीचं त्यांनी स्पष्ट सांगितलं. जेवढं बिघडलंय ते सगळं परत येणार नाही. उजवीकडचा खडा पुढे काढावा लागेल, पाणी भरपूर प्यायचं, दर काही महिन्यांनी रक्त दाखवायचं. धाकटी ते सगळं पाळते. नळ येवो न येवो, तिचा माठ वेगळा भरून ठेवतात, आणि तो अव्वा स्वतः भरतात. जबड्याची गाठ कुणी कापली नाही. ती महिन्यामहिन्याने बसत गेली. दर एक्स-रेत काळा डाग लहान आणि पांढरं हाड मोठं.

घरच्या वहीत आता प्रत्येकाला एकच पान आहे, मग ते कितीही लांबो. पान भरलं की खाली कागद डकवते. धाकटीचं पान घडी घालून ठेवावं लागतं. पाळणाघरातल्या वहीतही मी तेच केलं. एका मुलाचे जुलाब, ताप आणि कानाचं दुखणं एकाच ओळीत. आयांना आधी ते गचाळ वाटलं.

कडक भाकरीला सर्जननी वर्षाची बंदी घातली होती. मी ती तारीख पानावर लिहून ठेवली होती आणि खरं सांगायचं तर विसरले होते. त्या दिवशी पाळी सुटून घरी आले तर धाकटी दारातच उभी. हातात ताट, ताटात बाजरीची कडक भाकरी, बाजूला चटणी आणि दही. दुसऱ्या हातात माझी वही, घडी उलगडून.

"अक्का, तारीख बघा."

"एक्स-रे झालाय ना गेल्या आठवड्यात? काय म्हणाले?"

"खा म्हणाले. तुमी नसताना खाल्लं तर खूण कोण करणार, म्हणून थांबले."

"सावकाश. डाव्या बाजूने सुरुवात कर."

"उजवीकडनंच खाणार," ती म्हणाली, आणि भाकरीचा तुकडा मोडून उजव्या दाढांमध्ये धरला. दोन दाढा नव्हत्या तिथे. उरलेल्यांवर तिने तो नीट बसवला. तुकडा तुटल्याचा आवाज स्वयंपाकघरातल्या अव्वांना ऐकू गेला. त्यांनी आतून विचारलं, "काय फुटलं गं?"

तोंडात घास तसाच ठेवून धाकटीने अव्वांच्याच आवाजात उत्तर दिलं, "काय न्हाय की! अव्वांची सून जेवतीया." आणि मग हात नाचवत, नळावरच्या दोघींचं त्या दिवशीचं भांडण पहिल्यापासून सुरू केलं.